वाघ गाळला, वाघोलीही गेली
आपला फीड, आपली चाळण : भाग 5

बारामतीची गाडी एकेकाळी नॅरोगेजवर धावायची. ब्रॉडगेजने दौंडात आलेला माल आधी खाली उतरायचा, मग छोट्या डब्यांत चढायचा. समाजमाध्यमांचं आजही बरंचसं तसंच आहे. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालत नाही. ऑयगन रोचको या जर्मनीतल्या प्रोग्रामरने 2016 मध्ये सुरू केलेल्या मास्टोडॉनवर मात्र सर्व्हर वेगळे, मालक वेगळे, तरी पोस्टची ये-जा खुली असते. 2018 मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा नियमसंच वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मानक म्हणून स्वीकारला आणि या जाळ्याला एक गेज मिळाला.

गाड्या फलाटावर लावायच्या कुणी, हा या भागाचा प्रश्न. मास्टोडॉनच्या ‘होम’मध्ये कुणी अदृश्य स्टेशनमास्तर बसलेला नाही. ज्यांना फॉलो केलं त्यांच्या पोस्ट येतात. नवी वर, जुनी खाली. 2019 च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातून बरेच जण रागारागाने इकडे आले. कुणालाच फॉलो न करता बसलेल्याला इथे ओसाड माळरान दिसतं, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

शिरूरचा एखादा कांदा उत्पादक धरू. कामासाठी त्याच्या पुण्याला खेपा होतात. त्याला हवेत कांद्याचे भाव, घोड धरणातलं पाणी आणि नगर रस्त्यावरची कोंडी. तो तीन लिस्ट करतो आणि खाती त्यांत वाटून टाकतो. लिस्टमधल्यांच्या पोस्ट होममधून काढून टाकायचीही सोय आहे, म्हणजे दुहेरी गर्दी नको. एखादा माणूस स्वतः चांगलं लिहितो, पण दिवसभर दुसऱ्यांचं बूस्ट करत, म्हणजे पुढे ढकलत सुटतो. त्याचे फक्त बूस्ट लपवता येतात. नात्यातल्या उत्साही काकांसाठी ही सोय व्हॉट्सअ‍ॅपवरही असायला हवी होती.

खरी गंमत फिल्टरमध्ये आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली. अशा दिवसांत खऱ्या बातमीच्या मागोमाग कुठलेकुठले जुने व्हिडिओ येतात आणि प्रत्येकातला ऊस ‘आपल्याच शिवारातला’ असतो. वैतागून आपला शेतकरी ‘बिबट्या’ हा शब्द फिल्टरला देतो. तरी ‘बिबटे दिसले’ निसटून येतंच. ‘बिबट’ एवढंच दिलं की ‘बिबट्याने’, ‘बिबटे’ सगळे सापडतात. पण गावात बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात, म्हणून तो ‘वाघ’ही घालतो. दुसऱ्या दिवशी नगर रस्त्यावर तासभर कोंडीत अडकल्यावर उलगडा होतो: ‘वाघोलीत ट्रॅफिक जाम’ ही पोस्टही फिल्टरने गिळली होती. ‘पूर्ण शब्द’ ही अट लावावी, तर ‘वाघाने’, ‘वाघाला’ सुटतात. कांद्याच्या पोस्ट नकोशा झालेल्या कुणी ‘कांद’ घातलं, तर कांद्याबरोबर कांदिवलीही जाळ्यात येते. शाळेत कंटाळत शिकलेलं सामान्यरूप असं मोबाइलमध्ये उगवतं. उपाय किचकट आहे, पण चालतो: ‘वाघ’, ‘वाघाने’, ‘वाघाला’ अशी रूपं एकेक करून, पूर्ण शब्दाच्या अटीसह टाकायची. शिवाय ‘लपवा’ऐवजी ‘इशारा देऊन झाका’ निवडलं तर काय गेलं ते निदान दिसतं. मुदत आठवड्याची ठेवली की नंतर फिल्टर आपोआप उठतो.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाने 2023 मध्ये वेगळी वाट काढली. तिथे निवडीचे नियमच कुणीही लिहावेत आणि इतरांनी ते तयार फीड म्हणून वापरावेत. कष्ट कमी, पण चाळण दुसऱ्याची. तिचा रूळही वेगळा, ‘एटी प्रोटोकॉल’चा, मास्टोडॉनकडे जायचं तर ‘ब्रिजी फेड’सारखा पूल लागतो. म्हणजे पुन्हा दौंडच.

मास्टोडॉनवर हॅशटॅगचं दुखणं मात्र उरतंच. #कांदा फॉलो केला तरी #कांदाबाजारभाव येत नाही आणि आपल्या सर्व्हरपर्यंत न पोचलेली पोस्टही दिसत नाही. लिलावाचे आकडे आपल्या शेतकऱ्याला अजून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरूनच कळतात. ‘बाजारभाव’ नावाची लिस्ट त्याने करून ठेवली आहे. आत सध्या एकच खातं आहे, त्याच्या स्वतःच्या मुलाचं.