नाग आणि आवळा

संस्कृतांत शिशास ‘नाग’ असेंही म्हणतात. अमरकोश शिकवितांना हा शब्द आम्हीं शेंकडों वेळां उच्चारला असेल. त्याचा दंश आपल्याच स्वयंपाकघरांत अनुभवास येईल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

आमच्या मातोश्रींचें पितळेचें एक मोठें पातेलें घरांत आहे. चिंचगुळाची आमटी त्यांतच व्हावी, हा आमचा हट्ट. गतवर्षीं दारावर आलेल्या एका कल्हईवाल्याकडून त्यास कल्हई करून घेतली. कांहीं महिन्यांनीं आमचा चार वर्षांचा नातू किरकिर करूं लागला. जेवेना, पोट दुखतें म्हणे. रक्त तपासविलें तों डेसिलिटरमागें १२ मायक्रोग्रॅम शिसें! आंकडा दिसण्यांत लहान. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं, ५ पासूनच शिशाचा उगम शोधून तो बंद करावा असें सांगितलें आहे, आणि निर्धोक अशी पातळी तिला ठाऊक नाहीं.

कल्हई ही कथलाची, म्हणजे संस्कृतांतील वंगाची, असावयास हवी. पण कथील महाग, शिसें स्वस्त. तेव्हां कोणी दोन्ही मिसळतात, आणि चिंचेच्या आंबटपणांत शिसें विरघळतें. आमच्या कल्हईंत शिसें असल्याचें प्रयोगशाळेनें लिहून दिलें. तो कागद सूनबाईंच्या हातीं देतांना आम्हांस मान वर करवेना.

चिरंजीवांनीं त्याच सायंकाळीं ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली आणली. “अँटिऑक्सिडंट आहे, बाबा, शिसें धुऊन काढतें.”

यांत तथ्य नाहीं असें नव्हे. शिसें शरीरांत शिरलें कीं ग्लुटाथायोन नांवाच्या गंधकयुक्त रक्षक द्रव्याला तें जखडून टाकतें. पहारेकरीच गुंतला म्हणजे ऑक्सिजनपासून उपजणारीं मुक्त मूलकें मोकाट सुटतात आणि पेशींचीं आवरणें पोखरतात. ‘क’ जीवनसत्त्व रक्तासारख्या पाणीदार भागांत, तर ‘ई’ जीवनसत्त्व आवरणांतील स्निग्धांशांत या मूलकांना निष्प्रभ करतें. शिसें पाजलेल्या उंदरांवरील प्रयोगांत हा लाभ दिसला आहे. माणसांविषयीं म्हणाल, तर अमेरिकेंत १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत धूम्रपान करणारे ७५ तरुण घेतले होते. त्यांपैकीं ज्यांना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दिलें, त्यांच्या रक्तांतील शिसें आठवड्यांत ८१ टक्क्यांनीं घटलें. २०० मिलिग्रॅमनें फरक पडला नाहीं. चिरंजीवांनीं हा आंकडा आमच्यापुढें विजयध्वजासारखा नाचविला. पण ते सारे प्रौढ, निरोगी, आणि त्यांच्या रक्तांत मुळांतच शिसें अल्प! चार वर्षांच्या बालकास तें माप कसें लावावें? त्या वयास ती मात्राच फार.

डॉक्टरबाईंनीं बाटली बाजूस सारली. “ठिणग्या विझवून काय होणार? आधीं निखारा बाहेर काढा,” त्या म्हणाल्या. शिसें शरीरांत कॅल्शियमचें सोंग घेऊन हाडांत शिरतें, आणि तेथें वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतें. जीवनसत्त्वाची तेथें फारशी मात्रा चालत नाहीं. शिसें ओढून काढणारीं औषधें सामान्यतः ४५ किंवा त्यावरील आंकड्यास द्यावयाचीं. लोह आणि कॅल्शियम कमी पडलें कीं आंतडें शिसें अधिक शोषून घेतें, म्हणून नाचणी, दूध, तीळ, पालेभाजी द्यावी. सोबत लिंबू वा आवळा असावा, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळें भाजींतील लोह अंगीं लागतें. गोळीपेक्षां आवळ्याचें हें काम आम्हांस अधिक भरंवशाचें वाटलें.

तीन महिन्यांनीं आंकडा ७ वर आला. श्रेय कोणाचें, यावर घरांत एकमत नाहीं. चिरंजीव आवळ्याचें नांव घेतात, सूनबाई नाचणीचें. आम्ही माळ्यावर पालथ्या घातलेल्या पातेल्याकडे बोट दाखवितों. आमटी आतां स्टीलच्या भांड्यांत होते. चव तीच आहे, हें कबूल करावयास आम्हांस थोडा वेळ लागला. पुढील तपासणी चैत्रांत आहे.