कागदी संपत्ती – भाग ६ : नव्या संचातील सर्वांत मौल्यवान कार्ड

संग्राह्य कार्डांचा नवा संच बाजारात येऊ घातला, की त्यातील सर्वांत महाग कार्ड कोणते ठरणार याची चर्चा प्रकाशनाच्या आधीच रंगू लागते. परंतु ते कार्ड महाग का, आणि ते महाग असल्याने पाकीट विकत घेणाऱ्याच्या पदरात सरासरीने काय पडते, हे दोन प्रश्न त्या चर्चेत बहुधा मागेच राहतात. प्रस्तुत भागात या दोन प्रश्नांचा विचार ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज: टेल्स ऑफ मिडल-अर्थ’ या २३ जून २०२३ रोजी प्रकाशित झालेल्या संचाच्या आधारे केला आहे. या संचात एकाच नावाचे कार्ड दोन अगदी वेगळ्या कारणांनी मौल्यवान ठरले, त्यामुळे एरवी एकमेकांत मिसळून गेलेली ती कारणे येथे सुटी करून पाहता येतात.

‘मॅजिक’ हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने रचला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. १९९९ मध्ये ही कंपनी ‘हॅस्ब्रो’ या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. नेहमीच्या पत्त्यांच्या खेळात सर्वांसाठी बावन्न पत्त्यांचा एकच जोड असतो, तर येथे प्रत्येक खेळाडू हजारो वेगवेगळ्या कार्डांतून निवड करून स्वतःचा जोड बांधतो, ज्याला ‘डेक’ म्हणतात, आणि त्यासाठी लागणारी कार्डे बंद पाकिटांतून विकली जातात, ज्यांत कोणती कार्डे निघतील हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. साहजिकच प्रत्येक कार्डाला दोन प्रकारची किंमत असू शकते. डेकमध्ये ते किती उपयोगी पडते यावरून ठरणाऱ्या किमतीला ‘खेळमूल्य’ आणि ते किती दुर्मिळ, किती देखणे व किती सुस्थितीत आहे यावरून ठरणाऱ्या किमतीला ‘संग्रहमूल्य’ म्हणता येईल.

या दोहोंची गुंतागुंत पहिल्याच आवृत्तीत दिसते. ‘अल्फा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आवृत्तीची सुमारे २६ लाख कार्डे बेल्जियममध्ये छापली गेली. सामान्य, मध्यम आणि दुर्मिळ अशा तीन वर्गांतील कार्डांसाठी स्वतंत्र मोठे ताव छापून ते कापले जात आणि पंधरा कार्डांच्या पाकिटात अकरा सामान्य, तीन मध्यम व एक दुर्मिळ अशा प्रमाणात ती भरली जात. म्हणजे दुर्मिळता ही कार्डाच्या अंगचा गुण नसून कोणता ताव किती वेळा छापायचा आणि त्यातील किती कार्डे पाकिटात घालायची, या छापखान्यातील निर्णयाचा परिणाम होती. प्रत्येक दुर्मिळ कार्डाच्या जेमतेम अकराशेच्या आसपास प्रती निघाल्या. त्यांतच ‘ब्लॅक लोटस’ हे कार्ड होते. खेळातील जवळजवळ प्रत्येक चालीसाठी ‘माना’ नावाची ऊर्जा खर्च करावी लागते, आणि हे कार्ड काहीही खर्च न करता एका झटक्यात तीन माना देत असल्याने ते बाळगणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या दोन-तीन पावले पुढे जाई. लोक मोजकीच पाकिटे घेतील आणि अतिशक्तिमान कार्डे एखाद्याच्याच हाती असतील, असा गारफिल्ड यांचा अंदाज होता, परंतु खेळाडूंनी पाकिटांचे ढीग विकत घेतल्याने तो फार लवकर कोलमडला.

पुढे कंपनीने जुनी कार्डे पुन्हा छापण्यास सुरुवात केली. १९९५ च्या ‘क्रॉनिकल्स’ या पुनर्मुद्रणसंचामुळे जुन्या प्रतींचे भाव घसरले, संग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि १९९६ मध्ये कंपनीने काही कार्डे स्पर्धेत चालतील अशा रूपात पुन्हा कधीही छापणार नाही, अशी यादीच जाहीर केली. ‘राखीव यादी’ म्हणून ती आजही पाळली जाते. ब्लॅक लोटस त्या यादीत आहे. या वचनाची व्यापारी ताकद किती, हे २०२२ मध्ये दिसून आले: खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त कंपनीने जुन्या कार्डांच्या, पाठ वेगळी असलेल्या आणि स्पर्धेत न चालणाऱ्या प्रतिकृतींची चार पाकिटे ९९९ डॉलरला विकायला काढली, तेव्हा ज्या कार्डाने अधिकृत स्पर्धेत खेळता येत नाही त्यासाठी इतके पैसे मागणे हा खेळाडूंचा अवमान आहे, अशी टीका झाली, ती रास्त होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘द ब्रदर्स वॉर’ या संचात कंपनीने दुर्मिळतेची नवी रीत स्वीकारली. क्रीडापटूंच्या छायाचित्रांच्या कार्डांत १९९० च्या दशकापासून रूढ असलेली ही रीत म्हणजे ‘क्रमांकित’ कार्डे: कार्डावरच त्याचा अनुक्रमांक आणि एकूण प्रतींची संख्या छापलेली असते, आणि ठरलेली संख्या पूर्ण झाली की त्या रूपात ते पुन्हा छापले जात नाही. अल्फाच्या काळी किती प्रती निघाल्या याचा नंतर अंदाज बांधावा लागला होता. येथे ती संख्या आधी ठरवली जाते, कार्डाच्या दर्शनी भागावर छापली जाते आणि जाहिरातीतही तीच पुढे केली जाते. दुर्मिळता हा खेळाच्या रचनेचा उपपरिणाम राहिला नाही, तो विकायचा माल झाला.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या संचात ही रीत मूळ कादंबरीकार टॉल्किनच्या कथेशी फार चातुर्याने जोडली गेली. कथेत एल्फांना तीन, ड्वॉर्फांना सात आणि माणसांना नऊ अंगठ्या मिळतात, तर त्या सर्वांवर सत्ता गाजवणारी अंगठी एकच असते. त्यानुसार, कमांडर या शंभर कार्डांच्या डेकच्या लोकप्रिय प्रकारात जवळजवळ प्रत्येक डेकमध्ये असणाऱ्या ‘सोल रिंग’ या कार्डाच्या एल्फ रूपाच्या ३००, ड्वॉर्फ रूपाच्या ७०० आणि मानवी रूपाच्या ९०० क्रमांकित प्रती छापल्या गेल्या, आणि ‘द वन रिंग’ या कार्डाची ००१/००१ असा क्रमांक असलेली एकच प्रत निघाली, जिच्यावरील मजकूर टॉल्किनने रचलेल्या तेंग्वार लिपीत आणि कथेतील खलनायक सॉरॉनच्या ‘ब्लॅक स्पीच’ या भाषेत होता. केवळ प्रतींची संख्या कमी करून असा परिणाम साधला नसता; मोजकेपणाला कथेत आधीपासून कारण होते, म्हणूनच तो लादलेला वाटला नाही.

ही एकमेव प्रत इंग्रजी भाषेतील ‘कलेक्टर बूस्टर’ या महागड्या पाकिटांपैकी एकात घातली गेली आणि ती मिळण्याची शक्यता ०.००००३ टक्क्यांहून कमी असल्याचे कंपनीने जाहीर केले. कोणी ती पाहिलेलीही नसताना तिचा भाव ठरू लागला: अमेरिकेतील एका मोठ्या कार्डविक्रेत्याने दहा लाख डॉलर, तर स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील ‘ग्रेमिओ दे ड्रागोनेस’ या दुकानाने वीस लाख युरो देऊ केले. प्रकाशनाला आठवडा होतो न होतो तोच ती कॅनडातील एका खेळाडूच्या पाकिटात निघाल्याचे समोर आले. ‘पीएसए’ या श्रेणीकरण करणाऱ्या संस्थेने ती अस्सल ठरवून दहापैकी नऊ श्रेणी दिली. श्रेणीकरण म्हणजे कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चौकटीतील चित्राचे मध्यभागी असणे हे भिंगाखाली तपासून त्याला एक ते दहा अंकांत गुण देणे आणि ते पारदर्शक कवचात मोहरबंद करणे. एकाच प्रतीच्या बाबतीत तुलनेला दुसरी प्रत नसल्याने श्रेणीला फारसा अर्थ नव्हता, परंतु अस्सलपणाची ग्वाही मात्र अत्यावश्यक होती. १ ऑगस्ट २०२३ रोजी पोस्ट मलोन या अमेरिकी गायकाने ती सुमारे वीस लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेसोळा कोटी रुपयांना, विकत घेतल्याचे जाहीर झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. कंपनीने सांगितलेली शक्यता उलट करून पाहिली, तर ती तेहतीस लाखांहून अधिक पाकिटांत एक अशी येते. वीस लाख डॉलरची किंमत तितक्या पाकिटांवर वाटली, तर प्रत्येक पाकिटाच्या सरासरी मूल्यात या कार्डामुळे पडलेली भर साठ सेंटहूनही कमी भरते. ज्या पाकिटासाठी ग्राहक कित्येक डॉलर मोजत होता, त्यातील या जगप्रसिद्ध कार्डाचा वाटा इतका क्षुल्लक होता, आणि ते सापडल्याची बातमी आली त्या क्षणी उरलेल्या सर्व पाकिटांपुरता तो शून्य झाला. सर्वांत मोठ्या बक्षिसाचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो, त्याला कितीने भागायचे हे राहत नाही. लॉटरीचा सारा व्यवहार याच विसरण्यावर चालतो, आणि ज्या खेळाचा मोठा ग्राहकवर्ग तरुण आहे त्यात हा भागाकार उघडपणे मांडला जाणे ही प्रकाशकाची नैतिक जबाबदारी मानायला हवी.

तरीही अंगठी सापडल्यानंतर संचाची मागणी ओसरली नाही. त्याची विक्री वीस कोटी डॉलरच्या पुढे गेली, जी तोपर्यंत ‘मॅजिक’च्या कोणत्याही संचाने गाठली नव्हती. टॉल्किनच्या वाचकांचे आकर्षण हे त्याचे एक कारण होतेच, परंतु दुसरे कारण त्याच नावाच्या साध्या कार्डात होते. तेंग्वार लिपीतील प्रत एकच असली, तरी इंग्रजीत छापलेले ‘द वन रिंग’ हे कार्ड संचातील सर्वांत वरच्या, ‘मिथिक’ म्हटल्या जाणाऱ्या दुर्मिळ वर्गात उपलब्ध होते, आणि ते खेळात अत्यंत प्रबळ ठरले. ते टाकणाऱ्या खेळाडूला पुढच्या पाळीपर्यंत सर्व गोष्टींपासून संरक्षण मिळते. त्यानंतर दर वेळी ते वापरले की त्यावर ओझ्याची एक खूण चढते आणि जितक्या खुणा तितकी नवी कार्डे हाती येतात, मात्र दर पाळीला तितकेच जीवनगुणही गमवावे लागतात. अंगठी बाळगणाऱ्याला सामर्थ्य देते आणि आतून पोखरते, हा कथेचा गाभा इतक्या नेमकेपणाने नियमांत उतरवणारी कार्डे फार थोडी आहेत.

याच नियमांतून त्याची किंमतही वाढली. एखाद्या ‘लेजेंडरी’ कार्डाची एकाच खेळाडूकडे एका वेळी एकच प्रत पटावर राहू शकते, म्हणून खेळाडू अशा कार्डाच्या प्रती डेकमध्ये सहसा कमी ठेवतात. येथे मात्र दुसरी प्रत आली की जुनी तिच्या ओझ्यासह काढून टाकता येई, संरक्षण पुन्हा मिळे आणि जीवनगुणांची गळती नव्याने एकपासून सुरू होई. साहजिकच ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारात कितीतरी डेकमध्ये नियमाने मान्य असलेल्या चारही प्रती दिसू लागल्या, आणि प्रत्येक गंभीर खेळाडूला एक नव्हे तर चार प्रती हव्या असल्याने मागणी चौपट झाली. हे खेळमूल्य किती नाजूक असते तेही याच कार्डाने दाखवले: १६ डिसेंबर २०२४ रोजी ‘मॉडर्न’मध्ये त्यावर बंदी आली आणि त्या एका घोषणेने मागणीचा सर्वांत मोठा आधार निघून गेला. पोस्ट मलोन यांच्याकडील प्रतीच्या मोलाशी त्या बंदीचा काही संबंध नव्हता.

संग्रहमूल्याचे वळण वेगळे असते. साध्या कार्डांच्या बाबतीत प्रकाशनाच्या पहिल्या दिवसांत दुकानदार शेकडो बॉक्स फोडून सुटी कार्डे विक्रीला काढतात, पुरवठा रोज वाढत जातो आणि म्हणून बहुतेक कार्डांचे भाव पहिल्या काही आठवड्यांत उतरतात. ज्याला खेळण्यासाठी ठरावीक कार्ड हवे आहे त्याने पाकिटे न फोडता थोडे थांबून सुटे कार्ड घेणे शहाणपणाचे, हा अनुभवी खेळाडूंचा सल्ला याच कारणाने टिकून आहे. क्रमांकित कार्डांचा पुरवठा मर्यादित असला, तरी त्यांचा भाव शेवटी हव्यासावर उभा असतो, आणि हव्यास किती वर्षे टिकेल हे केवळ काळच दाखवतो. ज्या ब्लॅक लोटसच्या एकट्या अल्फा आवृत्तीतच सुमारे अकराशे प्रती छापल्या गेल्या, त्याची ‘सीजीसी’ या श्रेणीकरण संस्थेने निर्दोष ठरवलेली प्रत २०२४ मध्ये तीस लाख डॉलरना, म्हणजे जगातील एकमेव अंगठीपेक्षाही जास्त किमतीला विकली गेली. एकमेव असण्याचा शिक्का तीस वर्षांच्या खेळाच्या आठवणीपुढे कमी पडला, असे म्हणावे लागते.

तरीही प्रकाशकांचा ओढा शिक्क्याकडेच आहे. १३ जून २०२५ रोजी आलेल्या ‘फायनल फँटसी’ या संचात ‘ट्रॅव्हलिंग चोकोबो’ या कार्डाच्या ७७ सोनेरी क्रमांकित प्रती होत्या, आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला वीस कोटी डॉलरचा टप्पा गाठायला सहा महिने लागले होते, तो या संचाने एका दिवसात गाठला. त्याच्या एका कलेक्टर बूस्टरची शिफारस-किंमत ३७.९९ डॉलर होती, परंतु बाजारात बारा पाकिटांचे बॉक्स त्या हिशेबाने होणाऱ्या किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने विकले गेले. भाव दुप्पट झाला म्हणून पाकिटातील चोकोबोंची संख्या वाढली नाही. ७७ प्रती तितक्याच राहिल्या, प्रत्येक पाकिटामागची शक्यता तितकीच राहिली, आणि वाढीव रक्कम पाकीट फोडणाऱ्याच्या हाती न जाता मधल्या विक्रेत्याच्या गल्ल्यात गेली.