पाकीट उघडणाऱ्याच्या खुर्चीतून

गेल्या वर्षी रमजानच्या थोडं आधी आमचा भाचा लॅपटॉप बगलेत धरून घरी आला. नऊ वर्षं आखातात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम केलेला मुलगा. अब्बांच्या आजारपणामुळे परत आला आणि जोगेश्वरीच्या घरातूनच स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केलं. पालिकेकडे नोंदणी झाली, व्हिजिटिंग कार्ड छापून झाली. आठ महिन्यांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अकरा सोसायट्यांना प्रस्ताव पाठवले. एकही काम मिळालं नाही.

“मामू, नाव वाचूनच बाजूला ठेवत असतील,” तो म्हणाला.

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. नावावरून दार बंद होतं, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायला नको. भाड्याचं घर शोधताना ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. पण अंधेरीतल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आम्ही सहा वर्षं होतो. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी आलेली बंद पाकिटं आम्ही स्वतः उघडलेली आहेत. म्हणून म्हटलं, “तू पाठवलेलं पत्र आधी दाखव.”

चौदा पानी इंग्रजी प्रस्ताव. पहिली दहा पानं त्याच्याविषयी: शिक्षण, आखातातल्या टॉवरचे फोटो, सॉफ्टवेअरची नावं. अकराव्या पानापासून तपासण्यांची यादी. शेवटच्या पानावर एकच आकडा आणि खाली “कर वेगळे”. सोसायटीचं नाव फक्त पत्त्यात होतं. तेवढं बदलून हेच पत्र अकरा ठिकाणी गेलं होतं.

काम कुठून येतं?

उपनगरांत या कामाला तोटा नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांवरील इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलं आहे. पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी शासनाने सूचना काढल्या. त्यांतही वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमण्याची पायरी आहे. म्हणजे प्रस्ताव मागवले जातातच.

हे काम नुसतं कागदाचं नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी-साई इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. प्रस्ताव मागवणाऱ्या प्रत्येक कमिटीच्या मनात कुठेतरी ती इमारत असते. कमिटीला हुशार माणूस हवा असतो, पण त्याआधी आपल्या घरांची काळजी घेणारा माणूस हवा असतो.

टेबलाच्या पलीकडे काय चालतं?

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात सहा-सात माणसं बसलेली असतात. एक निवृत्त बँकवाला, एक दुकानदार, एक शिक्षिका, दोघं मधूनच उठून जाणारे. इंजिनिअर एखादाच, बहुधा तोही नाही. आमच्याकडे सात पाकिटं आली होती. मॅनेजरने एक तक्ता केला: नाव, फी, जीएसटी, कोणत्या चाचण्या, किती दिवस. ज्यांच्या पत्रात ही माहिती सापडली नाही, त्यांच्यापुढे रेघ ओढली गेली. रेघवाल्यांवर चर्चाच झाली नाही. त्यांतला एक जण कदाचित सगळ्यांत जाणकार असेल, पण आम्हाला ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरी गोष्ट, निर्णय एकट्या कमिटीचा नसतो. सेक्रेटरीला सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगावं लागतं की याच माणसाला का निवडलं. तुमच्या पत्रात त्याला वाचून दाखवता येईल असं एक पान नसेल, तर तो बिचारा फक्त सगळ्यांत कमी आकडा वाचून दाखवतो. स्वस्तातल्या माणसाला काम जातं त्याचं हेही एक कारण आहे.

नवं पत्र

आम्ही दोघं तीन रात्री बसलो. चौदा पानांची चार झाली.

पहिलं पान इमारतीचं. त्यासाठी आधी इमारत पाहायला हवी. भाचा मुलुंडच्या एका सोसायटीत गेला. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल. तासभर फिरला, वॉचमनशी बोलला, गच्चीवर चढला. सेक्रेटरीला चार प्रश्न विचारले. शेवटची दुरुस्ती कधी झाली? गळती कुठे आहे? ऑडिट आत्ताच का करायचंय? अहवाल कुणाला दाखवायचाय? मग पत्राची सुरुवात अशी झाली: तुमच्या बी विंगच्या जिन्याखालच्या बीमचं काँक्रीट सुटून सळ्या दिसत आहेत, टाकीखालच्या दोन खांबांना उभ्या भेगा आहेत, आणि पावसाळ्याआधी काय करायचं हे तुम्हाला ठरवायचं आहे. वाचणाऱ्याला कळलं की हा माणूस आपल्याकडे येऊन गेलाय.

दुसऱ्या पानावर काम. रिबाउंड हॅमर किती ठिकाणी, अल्ट्रासॉनिक चाचणी किती ठिकाणी, हाफ-सेल आणि कार्बोनेशन कुठे, कोअर किती काढणार. प्रत्येकापुढे एका ओळीत ती कशासाठी हे सोप्या मराठीत. उदाहरणार्थ, हाफ-सेल म्हणजे आतली सळी गंजू लागली आहे का याचा अंदाज. शिवाय किती घरं आतून पाहावी लागतील, आणि प्रत्येक घराला दोन दिवस आधी वेळ कळवली जाईल, हेही लिहिलं. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ही ओळ महत्त्वाची. सभेत तीच ओळ एका आजींनी पुन्हा वाचायला लावली, असं पुढे सेक्रेटरीने सांगितलं.

तिसऱ्या पानावर, याच फीमध्ये काय येत नाही ते. दुरुस्तीचं टेंडर, ठेकेदारावर देखरेख, पालिकेत फेऱ्या, परांची. भाचा कचरत होता, “हे आधीच सांगितलं तर घाबरतील.” तेव्हा आम्ही त्याला ती हदीस आठवून दिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतलं धान्य ओलं निघालं, आणि ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. प्रस्तावातलं ओलं धान्य म्हणजे हेच. नंतर निघणारा खर्च आधी वर ठेवायचा.

चौथ्या पानावर पैसे, दिवस आणि सह्या.

फी कशी ठरवावी?

आपली मुलं दोन चुका करतात. काम मिळावं म्हणून आकडा इतका खाली आणतात की प्रयोगशाळेचं बिल भरून हातात काही उरत नाही. किंवा कुणाचा तरी आकडा ऐकून त्यात थोडी कपात करतात. हिशेब कागदावर मांडावा. जागेवर किती दिवस, मदतनीस किती, चाचण्यांचं बिल किती, अहवाल लिहायला किती दिवस, सभेला किती वेळा जायचं. महिन्यातले निम्मे दिवस तरी काम शोधण्यात जातात, त्याचाही भार दरात धरावा लागतो. एवढं मांडलं की कमिटीने “थोडं कमी करा” म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं ते कळतं: फी कमी हवी तर कोअर कमी घेऊ, पण मग अहवालात तसं लिहावं लागेल. काम तेवढंच ठेवून नुसता आकडा खाली आणला, की पहिला आकडा फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं.

कराचं स्पष्ट लिहावं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. तसं असेल तर “जीएसटी लागू नाही” असं लिहावं, नुसतं “कर वेगळे” लिहू नये. नोंदणी असेल तर १८ टक्के धरून एकूण आकडा द्यावा. व्यावसायिक फीमधून सोसायटी साधारण १० टक्के टीडीएस कापते. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशेबात येतो, त्यामुळे पैसे कमी आले म्हणून भांडायचं कारण नाही.

पैसे वेळेवर मिळण्यासाठी

कुरआनातली सगळ्यांत लांब आयत देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे, सूरह बकराची २८२ वी. मुदतीचा व्यवहार लहान असो की मोठा, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. फिकहमध्येही मजुरीच्या करारात काम आणि मोबदला दोन्ही आधी स्पष्ट असावेत असं सांगितलं आहे. तरी “ओळखीतलंच काम आहे” म्हणून तोंडी बोलण्यावर सुरू करणारे आपल्यातच जास्त. नंतर ओळखही जाते आणि पैसेही.

भाच्याच्या पत्रात हप्ते असे ठेवले: नेमणुकीच्या वेळी ४० टक्के, जागेवरच्या चाचण्या संपल्यावर ४० टक्के, अहवाल सभेत समजावून सांगितल्यावर २० टक्के. काम पुढे सरकतं तसे पैसे येतात आणि कुणी कुणाच्या उपकारात राहत नाही.

उद्यम नोंदणी मोफत आहे, १ जुलै २०२० पासून आधार आणि पॅनवर होते. ती असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार मिळतो. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि ऑनलाइन तक्रार करता येते. या कायद्यात उशिरासाठी व्याजाची तरतूद आहे. ते घ्यायचं की नाही हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून ठरवावं. पण मूळ फी वेळेत मागणं हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.

एक ओळ, जिच्यामुळे काम गेलं

पत्राच्या शेवटी भाच्याने स्वतःहून एक ओळ घातली: अहवालाचा निष्कर्ष तपासणीनंतरच ठरेल आणि फी निष्कर्षावर अवलंबून नसेल.

इमारतींचे वर्ग असतात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यातही सी-२अ मध्ये इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करावी लागते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पुनर्विकासाची घाई असलेल्या एका सोसायटीत (नाव आणि ठिकाण आम्ही सांगणार नाही) चहा पिता पिता एकाने त्याला सुचवलं, “अहवाल सी-१ आला तर बरं होईल. पुढचं कामही तुम्हालाच.” घरात अब्बांच्या औषधांचा खर्च, खिशात आठ महिन्यांची रिकामी डायरी. तो म्हणाला, “तपासल्यावर जे निघेल तेच लिहीन.” काम गेलं.

त्या रात्री तो आमच्याकडे आला तेव्हा समजावायला आमच्याकडेही फारसं काही नव्हतं. एवढंच म्हटलं की त्या इमारतीत एखादं म्हातारं जोडपं असेल, खोट्या सी-१ मुळे ते घराबाहेर पडलं असतं. आणि उद्या दुसऱ्या कुणाचा अहवाल उलट आला, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं आणि सही केलेला माणूस आयुष्यभर अडकतो. अमानत म्हणतात ती हीच.

मुलुंडच्या सोसायटीने मात्र त्याला बोलावलं. तो सगळ्यांत स्वस्त नव्हता, तक्त्यात तिसरा होता. सेक्रेटरी म्हणाले, “पहिलं पान आम्ही सभेत जसंच्या तसं वाचलं. आणि ती शेवटची ओळ वाचल्यावर दोन विरोधक गप्प बसले.” त्याचं नाव तेव्हाही तेच होतं, पत्राच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं.

नाव वाचून पत्र बाजूला ठेवणारे नाहीत, असं आम्ही म्हणत नाही. त्या अकरांपैकी एक-दोन तसे असतीलही. पण बाकीच्यांपुढे आपणच वाचण्याजोगं काही ठेवलं नव्हतं, आणि तेवढं सुधारणं आपल्या हातात आहे. मरोळच्या कारखान्याला सेफ्टीचा सल्ला देणारा असो, सीप्झमधल्या कंपनीचे हिशेब पाहणारा असो, की घरी बसून छोट्या दुकानांची वेबसाइट करणारी आपली लेक असो, पत्र पाठवण्याआधी ते घरातल्या इंजिनिअर नसलेल्या माणसाला वाचून दाखवावं. आमच्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या अम्मीने, ते चार पानी पत्र ऐकून विचारलं होतं, “पण बेटा, पावसाळ्याआधी होईल ना?” तारीख लिहायची राहिली होती. ती त्याच रात्री घातली.

शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता दोन महिने उशिरा आला. भाच्याने दर पंधरवड्याला सभ्य पत्र पाठवलं, सोबत सहीच्या कराराची प्रत. पैसे आले त्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर तो पेढे घेऊन आला आणि बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. घाटकोपरच्या एका सोसायटीचं पत्र लिहायचं होतं. इमारत तो आदल्या दिवशीच पाहून आला होता.