तापीकाठची मांडवी, रानपिंगळा आणि पक्षीनोंदीतला खरेपणा

माघ सरत आला की दक्षिण गुजरातच्या माळांवर पळस फुलू लागतो. तिकडे त्याला केसूडो म्हणतात. पळस आणि सावर यांच्या फुलांतील मध पिण्यासाठी पळसमैनांचे थवे उतरतात. मध्य आशियातून आलेले हे पाहुणे चैत्र-वैशाखात परत जायचे असतात. सुरतेच्या वेशीवरील तळ्यांत थापट्या आणि तलवार बदके अजून रेंगाळत असतात, तर तापीच्या मुखाजवळच्या चिखलात मलगुजांच्या माना हळूहळू तांबूस होऊ लागतात. त्याच दिवसांत स्थानिक दयाळ गाऊ लागतो, शिंजिराचा नर विणीच्या हंगामातील झळाळता जांभळा वेष धारण करतो आणि तांबटाची एकसुरी टुक-टुक दिवसभर ऐकू येते. पाहुणे निघण्याच्या तयारीत आणि यजमान घरटे बांधण्याच्या घाईत, अशी ही संधिवेळ असते. पक्षीनिरीक्षणासाठी फेब्रुवारी-मार्चचे आठवडे मोलाचे मानतात ते यामुळेच.

हिऱ्यांना पैलू पाडणारे आणि कापड विणणारे शहर म्हणून सुरतेची ओळख आहे. तेथे पक्षी पाहणाऱ्यांची परंपरा असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात ‘नेचर क्लब सुरत’ ही हौशी निसर्गप्रेमींची संस्था १९८४ पासून तेथे कार्यरत आहे, आणि विमानतळाच्या परिसरातील गवियर तलावाच्या जपणुकीशी तिचे नाव जोडले गेले आहे. अशा गटाबरोबरची सकाळ बाहेरून पाहणाऱ्याला साधी सहल वाटेल. दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या, मळकट रंगाचे कपडे आणि दबक्या आवाजातील बोलणे. मात्र गटातील एकाच्या हाती वही किंवा मोबाइल असतो आणि दिसलेला प्रत्येक पक्षी त्यात उतरतो. पाहण्याचा आनंद ज्याचा त्याला मिळतो. मागे उरते ती ही यादी.

या यादीत काय असावे, याचे नियम थोडे आहेत. ठिकाण, तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले आणि किती अंतर चालले, हे प्रथम. मग ओळखता आलेल्या प्रत्येक जातीचे नाव आणि संख्या. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत भरून घ्यायचे आणि त्या मापाने उरलेल्या थव्याचा अंदाज करायचा. खाडीवर जायचे असेल तर भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते. पाणी चढू लागले की चिखलावर दूरवर पांगलेले पक्षी काठाकडे सरकतात आणि मोजणे सोपे जाते. घरट्याजवळ जायचे नाही, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचे नाही, आणि ओळख पटली नाही तर नाव लिहायचे नाही.

हा शेवटचा नियम नवख्याला सर्वांत जाचक वाटतो. एखादे नाव अंदाजाने टाकले तर असे काय बिघडणार? या प्रश्नाचे उत्तर सुरत जिल्ह्यातच सापडते.

मांडवी म्हटले की गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे नदी उभी राहते. सुरत जिल्ह्यात मात्र मांडवी हे तापीकाठचे गाव आहे. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये या गावाजवळ आपण एक रानपिंगळा मिळवला, असा दावा ब्रिटिश सैन्याधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागन याने केला आणि तशी चिठ्ठी बांधलेला नमुना त्याच्या संग्रहातून पुढे लंडनच्या संग्रहालयाकडे गेला. आपल्या घरांच्या आसपास दिसणाऱ्या पिंगळ्याचा हा जंगलातील दुर्मीळ भाऊबंद. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच हे ह्यूम. एकोणिसाव्या शतकात या पक्ष्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. त्यांतील बरेचसे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले होते. १८८४ नंतर पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. त्यामुळे मांडवीची नोंद ही त्याची अखेरची नोंद ठरली आणि ग्रंथांत तशीच राहिली.

पुढे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांचा अभ्यास करताना हा नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रे काढली, कातडीचे शिवण आणि आतला भराव पाहिला. पक्षी पुन्हा उसवून नव्याने भरला होता, पण मूळ हाताच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या नव्हत्या. तो डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्या नमुन्यांपैकीच एक होता. संग्रहालयातून तो चोरून, त्यावर नवी तारीख आणि नवे ठिकाण चिकटवले गेले होते. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हा लबाडीचा तपशील प्रसिद्ध केला. याच माइनर्ट्झहागनला नमुने परस्पर नेल्याबद्दल १९१९ मध्ये त्या संग्रहालयाच्या पक्षीकक्षात काही काळ प्रवेशबंदी झाली होती.

एका चिठ्ठीने काय घडले, हे नीट पाहायला हवे. पक्षी १९१४ पर्यंत हयात होता, असे तिने सांगितले. तो तापीच्या खालच्या खोऱ्यात राहतो, असेही सांगितले. पहिल्या विधानाने त्याच्या दुर्मीळतेचा हिशेब तीस वर्षांनी चुकवला आणि दुसऱ्याने शोधणाऱ्यांना चुकीची दिशा दाखवली. मांडवीची नोंद बाजूला सारल्यावरच डेव्हिडसनच्या खऱ्या ठिकाणांकडे लक्ष एकवटता आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर पोचले, आणि दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांच्यासमोर होता. तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील ही जागा मांडवीपासून शंभराहून अधिक किलोमीटर पूर्वेला आहे. एकशे तेरा वर्षे नाहीसा मानलेला पक्षी जुन्या, खऱ्या नोंदीच्या आधाराने सापडला. त्यानंतर मेळघाट, यावल, तानसा अशा ठिकाणी त्याचा पत्ता लागला आणि सुरतेच्या शेजारच्या डांगमधील पूर्णा अभयारण्यातही तो आढळला.

आजच्या नोंदी संग्रहालयाच्या कपाटात राहत नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने नॅशनल ऑडुबॉन सोसायटीच्या साथीने सुरू केलेल्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर जगभरचे निरीक्षक आपल्या याद्या भरतात. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पासून भारतीय निरीक्षक तीत सहभागी होऊ लागले. किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहून केलेली यादीही तीत चालते. एखाद्या ठिकाणी किंवा हंगामात न शोभणारे नाव आले तर ते परीक्षकाकडे जाते. तो छायाचित्र किंवा वर्णन मागतो. नोंद करणाऱ्याला हा अविश्वास वाटू शकतो. मांडवीचा इतिहास ठाऊक असेल, तर ही चौकशी साऱ्यांच्याच हिताची आहे हे कळते.

यादी पूर्ण असावी, यावर एवढा भर का? समजा एका तळ्यावर महिन्याभरात वीस याद्या झाल्या आणि त्यांपैकी बारांत चिमणी होती. म्हणजे साठ टक्के याद्यांत चिमणी. पाच वर्षांनी हे प्रमाण तीस टक्क्यांवर आले, तर काहीतरी बिघडले आहे असे म्हणता येते. पण लोकांनी ‘चिमणी काय लिहायची’ म्हणून ती गाळली असेल, तर हा हिशेब कोसळतो. दुर्मीळ पक्षी खोटेपणाने घुसवणे जितके घातक, तितकेच सामान्य पक्षी आळसाने वगळणेही घातक आहे. यादीत नाव नसणे ही माहितीच असते; ती खरी असावी लागते.

अशा याद्यांतून किती मोठे चित्र उभे राहते, हे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने दाखवले. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींच्या आधारे त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगणे शक्य झाले, त्यांपैकी साठ टक्के जाती घटल्याचे दिसले. १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम द्यावा, असे अहवाल सांगतो. मोर आणि कोकीळ वाढले आहेत. तारांवर बसलेला सर्वांच्या ओळखीचा नीलपंख मात्र घटत चालला आहे. नीलपंख कमी झाल्याचे एकट्यादुकट्याला जाणवत नाही. ते हजारो साध्या याद्या एकत्र ठेवल्यावरच दिसते.

गोव्यासाठी या साऱ्याचा अर्थ दूरचा नाही. सुरतेच्या खाडीत थांबणारे चिखलपक्षी आणि चोडणच्या काठावर उतरणारे चिखलपक्षी एकाच मध्य आशियाई उड्डाणमार्गाचे प्रवासी आहेत. आपल्या मांडवी नदीतील चोडण बेटाच्या टोकाला १९८८ पासून डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. करमळीचे तळे आहे. कुडचडे परिसरातील नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि तो मिळालेले ते गोव्यातील पहिले पाणथळ ठिकाण ठरले. असा दर्जा टिकवताना किंवा एखाद्या खाजणात भराव पडू लागला तर हरकत घेताना, ‘येथे पुष्कळ पक्षी येतात’ हे वाक्य फारसे कामी येत नाही. कोणत्या तारखेला, किती वेळात, कोणत्या जातीचे किती पक्षी दिसले, हे विचारले जाते.

त्याचे उत्तर तयार ठेवायला मोठी साधने लागत नाहीत. साधी दुर्बीण, स्थानिक गटातील एखादा जाणता सोबती आणि पंधरा मिनिटांची स्वस्थता पुरते. एकच तळे निवडावे आणि महिन्यातून एकदा, एकाच वेळी तेथे जावे. फाल्गुन हा आरंभासाठी उत्तम, कारण पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात आणि पाने गळल्यामुळे झाडांतले पक्षी स्पष्ट दिसतात. पहिल्या यादीत आठ-दहाच नावे आली तरी चालेल. कावळा, चिमणी, बगळा, खंड्या यांची संख्या लिहावी, न ओळखलेल्या पक्ष्यापुढे ‘ओळखला नाही’ असे लिहावे, आणि तारीख व ठिकाण अचूक घालावे.