दिव्यामागची पेटी

चैत्र-वैशाखात यात्रा भरू लागल्या, की पूर्वी त्यांच्या मागोमाग गावोगाव तंबूतला सिनेमाही येई. मालमोटारीवर प्रक्षेपक, मोकळ्या रानात उभारलेला तंबू आणि त्याच्या एका टोकाला ताणलेला पांढरा पडदा. खेळ ऐन रंगात आला असता कधी कधी चित्र थरथरू लागे, फिके पडे आणि सगळा काळोख होई. लगेच शिट्ट्या सुरू होत. लोकांना वाटे, फिल्म तुटली. पण कित्येकदा फिल्म धड असे. तापलेली असे ती दिव्याला वीज पुरविणारी लोखंडी पेटी.

ही पेटी करते काय? प्रक्षेपकातील झेनॉन दिव्यात घरगुती दिव्यासारखी तार नसते. जाड फुग्यात झेनॉन वायू दाबून भरलेला असतो आणि धातूच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत तेवत राहते. ही ज्योत स्थिर राहावयाची, तर प्रवाह एकाच दिशेने वाहिला पाहिजे. आपल्याकडील वीज मात्र २३० व्होल्ट दाबाची व सेकंदाला १०० वेळा दिशा पालटणारी. म्हणून पेटीतील रोहित्र प्रथम दाब उतरविते आणि मग रेक्टिफायरमधील डायोड तिला एकाच दिशेला वळवितात. आजच्या कित्येक डिजिटल प्रक्षेपकांतही झेनॉनचाच दिवा असतो व त्यालाही अशी पेटी लागतेच.

एक किलोवॅटच्या दिव्याला दाब अवघा २० व्होल्टच्या आसपास लागतो, पण प्रवाह सुमारे ५० अँपिअर! घरातील ६० वॅटच्या दिव्यातून पाव अँपिअरच जातो. सारी गोम येथे आहे. प्रवाह दुप्पट झाला, की तारेतील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. एखादा नट सैल होऊन त्या सांध्याचा रोध ओहमचा केवळ शंभरावा भाग झाला असे समजा. ५० गुणिले ५० भागिले १००, म्हणजे २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाराचे लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच शक्तीचे असते. ते पेटीत कायमचे लावून ठेविल्यासारखे झाले. सांधा तापला की काळवंडतो, काळवंडला की त्याचा रोध वाढतो आणि तो अधिकच तापतो.

पेटी थोडी तापणारच, डायोडही तापतात. ती उष्णता धातूच्या पातळ पट्ट्यांवर पसरते व पंख्याचा वारा ती बाहेर नेतो. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी राहणाऱ्या मुलांना उन्हाळ्यातील धूळ काय असते, हे सांगावयास नको. अशा रानात पंखा हवेबरोबर धूळही ओढतो, पट्ट्यांमधील फटी बुजतात आणि उष्णता आतच कोंडते.

जाणता यंत्रचालक म्हणून प्रथम वीज तोडतो व काही वेळ थांबतो, कारण पेटीतील धारित्रांत वीज साठून राहिलेली असते. मग तो पंखा हाताने फिरवून पाहतो, ब्रशाने धूळ झाडतो आणि तंबूच्या कापडाला टेकलेली पेटी पुढे ओढतो. एखादा सांधा काळा पडला असेल, त्यावरील वेष्टन मऊ झाले असेल, तर दोष तेथेच. तो घासून नट घट्ट आवळावयाचा. सांधे स्वच्छ असूनही रोहित्र घुमत असेल आणि प्रकाश लुकलुकत असेल, तर चारांपैकी एक डायोड बंद पडल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी एका बाजूचाच प्रवाह मिळतो आणि रोहित्र भलतेच तापते. हे काम मुलांनी दुरूनच पाहावे. झेनॉनचा दिवा थंड असतानाही आतील दाबाने फुटू शकतो, म्हणून जाणती माणसेसुद्धा तोंडावर संरक्षक मुखवटा बांधूनच त्याला हात लावतात.

खरी कसोटी फ्यूज उडतो तेव्हा लागते. बाहेर शिट्ट्या चाललेल्या, मालक तिकिटांचे पैसे परत मागितले जातील म्हणून घाबरलेला. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाडशी तार बांधली, तर खेळ तत्काळ सुरू होतो. पण आतील दोष जसाचा तसा राहतो आणि त्याला अडविणारा आता कोणी उरत नाही. रोहित्राच्या तारांवरील वेष्टन जळू लागते. शेजारी कापडाचा तंबू, आत शेकडो माणसे. शहाणा यंत्रचालक शिट्ट्या ऐकून घेतो, दोष शोधतो आणि योग्य फ्यूजच बसवितो. दिवा लागल्यावरही तो निर्धास्त होत नाही. उष्णता हळूहळू साठत असल्यामुळे अर्ध्या तासाने तो पुन्हा पेटीपाशी येतो, मापकावरील अँपिअर वाचतो आणि पंख्यातून येणारा वारा किती गरम आहे, ते तळहात पुढे धरून पाहतो.