सुजलेले सांधे, खचलेले मन

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे बोलीभाषेत आमवात, असलेल्या रुग्णाला दरवेळी ठरावीक प्रश्न विचारले जातात. सकाळी सांधे किती वेळ आखडतात? सूज कुठे आहे? ईएसआर किती आला? ‘कशात मन रमतं का?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतो. बाह्यरुग्ण विभागातली रांग लांब असते आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. सांधे दाखवायला आलो, तिथे मनाचं रडगाणं कशाला, असं त्याला वाटतं.

हा आजार म्हणजे उतारवयात होणारी गुडघ्यांची झीज नव्हे. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. साधारण शंभरातल्या एकाला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना हा आजार होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण दोन ते तीन पट आहे आणि सुरुवात बहुधा ऐन संसाराच्या वयात होते. कणीक मळणं, कपडे पिळणं, ब्लाउजचे हुक लावणं, एसटीत दांडा धरून उभं राहणं अशी रोजची कामं अवघड होतात. सूज दिसते, थकवा दिसत नाही. त्यामुळे ‘दिसायला तर चांगली आहेस’ हे वाक्य या बायकांना वारंवार ऐकावं लागतं.

७२ अभ्यासांतल्या १३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. काटेकोर वैद्यकीय निकष लावले तेव्हा सुमारे १७ टक्के रुग्णांना नैराश्य असल्याचं त्यात दिसलं. नेहमीच्या वापरातल्या एका प्रश्नावलीनुसार तर हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास होतं.

सतत दुखतंय म्हणून माणूस खचतो, हे समजण्यासारखं आहे. पण कारण तेवढंच नाही. सांध्यांत दाह निर्माण करणारी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी रसायनं रक्तात फिरतात आणि त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. तापात आपल्याला जेवण नको, बोलणं नको, पडून राहावंसं वाटतं, त्यामागेही हीच रसायनं असतात. आमवातात हा दाह महिनोन्‌महिने चालू राहू शकतो. त्यात वेदनेमुळे झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेमुळे वेदना जास्त जाणवते.

नैराश्याकडे दुर्लक्ष झालं तर सांध्यांचंही नुकसान होतं. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. आशा सोडलेला माणूस तेवढा धीर धरत नाही, गोळ्या चुकवतो आणि तोवर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. दुसरी अडचण उपचार ठरवताना येते. आजाराची तीव्रता मोजताना किती सांधे दुखतात आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतं, याचेही गुण धरतात. नैराश्यात वेदना अधिक जाणवते. मग सूज उतरलेली असूनही गुण चढेच राहतात आणि औषधांचा जोर विनाकारण वाढवला जाऊ शकतो. याचा अर्थ ती वेदना ‘मनाचे खेळ’ असते असा नाही. वेदना खरीच असते, फक्त उपाय आणखी एका ठिकाणी करायचा असतो.

थकवा, झोप न लागणं, भूक मंदावणं ही लक्षणं दोन्ही आजारांत असतात. म्हणून दोन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही, असं झालं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या फेरीपर्यंत न थांबता डॉक्टरांना सांगा.

उपचारांची सुरुवात दाह आटोक्यात आणण्यापासून होते. त्याच्या जोडीला समुपदेशन, झेपेल तसा नियमित व्यायाम आणि गरज पडली तर नैराश्यावरची औषधं दिली जातात. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, मात्र त्या अचानक बंद करू नयेत. यातल्या काही गोळ्या वेदनाशामकांबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावं. स्टेरॉइडमुळेही मनःस्थिती बदलू शकते. तसं जाणवलं तर डॉक्टरांना कळवा, पण गोळी परस्पर थांबवू नका.

घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ असं सांगण्यापेक्षा सकाळचा पहिला तास तिच्या वाट्याची कामं उचलावीत. सांधे सर्वांत जास्त आखडलेले असतात ते तेव्हाच. आणि जगणं नकोसं झाल्याची भाषा कानावर आली, तर ती त्रागा म्हणून सोडून देऊ नका. त्या माणसाला एकटं न ठेवता लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. हा क्रमांक रुग्णाच्या फाइलवर, पुढच्या तपासणीच्या तारखेशेजारी लिहून ठेवावा.