चेंबरला लावलेलं एम-सील कुठवर टिकतं?

मानपाडा नावाची दोन ठिकाणं आपल्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर आणि दुसरं डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. दोन्हीकडच्या गाड्यांचं दुखणं मात्र एकच. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, गाडी आदळते आणि खालचं ऑइल चेंबर दगडावर आपटतं. उन्हाळ्यात गायमुखच्या चढावर नाहीतर शीळफाट्याच्या कोंडीत तासभर उभं राहून इंजिन तापतं, रेडिएटर गळायला लागतो. मग गॅरेजमधला पोऱ्या समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट घेऊन येतो. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं आणि गाडी संध्याकाळी घरी येते.

हे काम कधी चालतं आणि कधी जिवाशी खेळ होतो, हे गाडी चालवणाऱ्या आणि तिच्यात बसणाऱ्या, दोघांनाही माहीत हवं. सुट्टीत मुलाबाळांसह सात-आठ माणसं घेऊन हीच गाडी कोकणात निघते.

एम-सील आणि अ‍ॅराल्डाइट या दोन्ही वस्तू एपॉक्सी जातीच्या. एका पुडीत राळ, दुसरीत ती घट्ट करणारं रसायन. दोन्ही एकत्र मळले की आपसात जोडले जातात, थोडी उष्णता बाहेर पडते आणि दगडासारखा पदार्थ तयार होतो. अ‍ॅराल्डाइट दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने बाजारात आणलं. एम-सील हे महिंद्रा समूहातल्या कंपनीचं उत्पादन होतं, २००० साली ते फेविकॉलवाल्या पिडिलाइटकडे आलं. २०२० मध्ये अ‍ॅराल्डाइटचा भारतातला धंदाही पिडिलाइटनेच घेतला. म्हणजे नळाच्या गळतीपासून इंजिनापर्यंतची आपली बहुतेक चिकटवाचिकटवी आज एकाच घराण्याच्या मालावर चालते.

जुगाडाची सवय आपल्याकडे जुनी आहे. प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीचा पेट्रोल पंप उन्हात तापून गाडी बंद पडली की ड्रायव्हर त्यावर ओलं फडकं टाकायचे. प्रीमियरच्याच कल्याण कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ बनायची. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली. अशा गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात, तेव्हा फुटलेला तुकडा जोडण्याशिवाय मालकापुढे फारसा मार्ग उरत नाही. हे सगळं गरजेतून आलेलं आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अडचण उष्णतेची आहे. घरच्या तापमानाला सुकलेली साधी एपॉक्सी साधारण ५० ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास आपला टणकपणा सोडू लागते. वितळत नाही, पण काचेसारखी होती ती चामड्यासारखी होते. थंड झाली की पुन्हा कडक. म्हणून गॅरेजमध्ये टकटक करून पाहिलं तर जोड पक्का वाटतो. इंजिनातलं पाणी मात्र चालू गाडीत ९० अंशांच्या पुढे असतं आणि रेडिएटरच्या झाकणामुळे त्यावर दाबही असतो. ऑइल त्याहून तापू शकतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डवर तर शेकडो अंश तापमान असतं, तिथे एपॉक्सी जळूनच जाते. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार घाईत बरा वाटतो, पण उष्णतेपुढे सहसा तोच आधी हार मानतो.

दुसरी गोष्ट फुगण्याची. दहा सेंटिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा ३० अंशांवरून १०० अंशांवर गेला की सुमारे ०.१६ मिलिमीटर वाढतो. तेवढंच बीडाचं लोखंड त्याच्या निम्मं वाढतं, आणि एपॉक्सी अ‍ॅल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त. रोज गाडी तापते, रोज निवते. प्रत्येक वेळी जोडाला ओढ बसते. आज न गळणारं चेंबर तीन महिन्यांनी गळतं ते यामुळे.

तरीही चेंबरचं काम एपॉक्सीने होऊ शकतं, कारण तिथे ऑइल नुसतं साठलेलं असतं, त्यावर मोठा दाब नसतो. अट एवढीच की काम घाईने होऊ नये. आधी ऑइल पूर्ण काढायचं. तडा जिथे संपतो त्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग भाग थिनरने पुसायचा, पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचा, पुन्हा पुसायचा. बोटाचा तेलकट स्पर्शसुद्धा पकड घालवतो. बाजारात धातूची पूड घातलेली, जास्त उष्णता सोसणारी एपॉक्सी मिळते, तीच घ्यावी. तिच्या पाकिटावरचं तापमान वाचावं आणि दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच मळावेत. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणारे उस्ताद आहेत, त्याने जोड कच्चा राहतो. शेवटी दिवसभर गाडी सोडून द्यायची. नेमकं हेच आपण करू देत नाही. सकाळी टाकलेली गाडी दुपारी हवी असते.

इतकं करूनही मी याला तात्पुरतं काम मानतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला आर्गन वेल्डिंग होतं, नाहीतर नवीन चेंबर मिळतं. एपॉक्सीचा एक पापुद्रा आतल्या बाजूला सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. ऑइल वर चढत नाही, बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जाम होतं. वाचवलेल्या दोन-तीन हजारांपायी पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

प्लॅस्टिकच्या भागांना तर हा उपाय बहुधा लागूच पडत नाही. कूलंटची पांढरी बाटली, एअर फिल्टरची पेटी हे भाग पॉलिप्रॉपिलिनसारख्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्याला एपॉक्सी धड चिकटत नाही. नव्या रेडिएटरच्या काळ्या टाक्या नायलॉनच्या असतात, तिथेही दाबाखालचा जोड भरवशाचा नाही. बाटली बदलणंच स्वस्त पडतं.

आता हौशी मुलांबद्दल. जुन्या गाडीला वेगळा एअर फिल्टर, फायबर ग्लासचा नळ, थ्री-डी प्रिंटरवर काढलेला जोड बसवायचा छंद वाढतो आहे. मुलं हाताने काही बनवतात याचा मला आनंदच आहे. पण त्यांनी इंग्लंडमधली एक घटना वाचावी. मार्च २०२५ मध्ये कोझी एमके-४ हे घरी बांधता येणारं छोटं विमान ग्लॉस्टरशायर विमानतळावर उतरत असताना इंजिनाची ताकद गेली आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. वैमानिक थोडक्यात बचावला. इंजिनाला हवा देणारा थ्री-डी प्रिंट केलेला कोपरा उष्णतेने मऊ पडून आत खचला होता. विकताना त्याचं मऊ पडण्याचं तापमान १०५ अंश सांगितलं होतं, तपासात ते जेमतेम ५३-५४ अंश निघालं. विमानाच्या मूळ आराखड्यातला कोपरा फायबर ग्लास आणि एपॉक्सीचाच होता, पण त्याच्या आत आधाराला अ‍ॅल्युमिनियमची नळी सांगितली होती. आराखडा करणाऱ्याने एपॉक्सीवर एकट्यावर भिस्त ठेवली नव्हती.

मोठे कारखानेही एपॉक्सी वापरतात. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिस गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा एपॉक्सीने जोडलेला होता. पण ती भट्टीत तापवून पक्की केलेली एपॉक्सी, आणि सांगाड्याला इंजिनाची धग लागत नाही.

काही ठिकाणी मात्र चर्चेलाच जागा नाही. पेट्रोल-डिझेलची नळी, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचा कुठलाही भाग आणि सीएनजी किट. भरलेल्या सीएनजी सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारचा दाब असतो, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. त्याच्या नळीवर किंवा व्हॉल्व्हवर एम-सीलचा लपका दिसला तर त्या गाडीत बसू नये. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र मिळतं. मुलांना स्कूल व्हॅनमध्ये पाठवणाऱ्या अम्मीने ते ड्रायव्हरभाईंकडे मागितलं तर त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कायद्याचंही थोडं. फुटलेला भाग दुरुस्त करणं गुन्हा नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीही त्याच गोष्टीवर बोट ठेवते.

घरी हे काम करायचं तर गॅलरीत, हातमोजे घालून करावं. हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही हातावर खाज आणि फोड येतात. सुकलेला थर घासताना तोंडावर मास्क हवा. स्वयंपाकघरातली वाटी किंवा चमचा मळायला घेऊन पुन्हा धुऊन ठेवणारे महाभाग घरोघरी आहेत, त्यांना तिथेच थांबवावं.

आणि गाडी विकताना? तडा एपॉक्सीने बुजवून वरून काळा स्प्रे मारला की वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही. ऐब लपवून माल विकणं नाजायज आहे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, तेव्हा कुठे काय चिकटवलं ते विकणाऱ्याने आपणहून सांगावं. घेणाऱ्याने गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवावी आणि मग खाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवावा. टॉर्च मारून चेंबरच्या कडा, रेडिएटरच्या टाक्यांचे जोड आणि वॉटर बॉडीच्या आसपास पाहावं. धातूच्या रंगापेक्षा वेगळा, बोटांचे ठसे उमटलेला राखाडी थर दिसला की भाव करण्याआधी गाडी रॅम्पवर चढवायला सांगावी.